एसपीआयचा अर्ज भरण्यापूर्वी: नागपूरच्या दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी

सैन्यात अधिकारी होण्याची इच्छा असलेल्या दहावीच्या विद्यार्थ्यासाठी राज्य शासनानेच एक वाट आखून ठेवली आहे. छत्रपती संभाजीनगर येथील सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, जिला सर्वजण एसपीआय म्हणतात, १९७७ पासून निवडक मुलांना अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) लेखी परीक्षेसाठी आणि एसएसबीच्या (सैन्यातील अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या) मुलाखतीसाठी तयार करते. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. लेखी परीक्षा आणि मुलाखत या दोन्हींतून निवड होत असल्यामुळे पालकांचे सारे लक्ष शिकवणी वर्गाकडे जाते आणि अर्ज मात्र शेवटच्या दोन दिवसांत एखाद्या सायबर कॅफेत बसून भरला जातो. हे मला फार खटकते, कारण आपण कोण आहोत हे निवड करणाऱ्यांना प्रथम कागदावरूनच कळत असते.

कागदपत्रांची सुरुवात नावापासून करावी. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेले असते, आधार कार्डावर बहुधा स्वतःचे नाव आधी येते, आणि शाळेच्या दाखल्यात एखादे अक्षर इकडचे तिकडे झालेले असते. एनडीएच्या अर्जातही नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच ग्राह्य धरली जाते, म्हणून त्या नोंदी प्रमाण मानून बाकीची कागदपत्रे आताच दुरुस्त करून घ्यावीत. अधिवास प्रमाणपत्रासाठी दिवाळीच्या सुट्टीतच अर्ज करावा. जूनमध्ये प्रवेशांच्या हंगामात सेतू केंद्रासमोर रांगा लागतात आणि दाखला हाती येईपर्यंत जीव टांगणीला लागतो.

आता खरा मुद्दा. छंद, खेळ, शाळेतील जबाबदाऱ्या, घरची परिस्थिती यांविषयी जे काही लिहाल, त्यातूनच मुलाखतीचे प्रश्न निघतात. पुढे एसएसबीला पीआयक्यू नावाचा वैयक्तिक माहितीचा अर्ज भरावा लागतो. पालकांचे शिक्षण आणि उत्पन्न, भावंडे, प्रत्येक परीक्षेतील टक्केवारी, खेळ, छंद, एनसीसी (राष्ट्रीय छात्र सेना), सांभाळलेली पदे अशी सगळी माहिती त्यात विचारलेली असते आणि मुलाखत घेणारे अधिकारी तोच कागद समोर ठेवून बोलतात. म्हणून माझा आग्रह असा की, ज्या गोष्टीवर दहा मिनिटे बोलता येणार नाही ती लिहूच नये. ‘वाचन’ हा छंद लिहिणाऱ्याला गेल्या दोन महिन्यांत वाचलेल्या पुस्तकांविषयी सांगता आले पाहिजे, आणि ‘क्रिकेट’ लिहिणाऱ्याला आपण कोणत्या संघातून, कोणत्या क्रमांकावर खेळतो हे.

मुले स्वतःच्या आयुष्यातल्या खऱ्या गोष्टी क्षुल्लक समजून गाळतात, याचे मला वाईट वाटते. काटोलकडे घरची संत्र्याची बाग असेल आणि मे महिन्यात पाण्याच्या पाळ्या मुलगा सांभाळत असेल, तर त्यात जबाबदारी, नियोजन आणि चिकाटी तिन्ही आहेत. मोहल्ल्यातल्या गणेशोत्सवाचा हिशेब ठेवला, वर्गणी कमी पडल्यावर खर्च कुठे कापायचा हे मंडळातल्या मोठ्यांना पटवून दिले, हा प्रसंग ‘माझ्यात नेतृत्वगुण आहेत’ या कोरड्या वाक्यापेक्षा कितीतरी अधिक सांगतो. एसएसबीत अधिकाऱ्याला लागणारे पंधरा गुण तपासले जातात आणि ते विशेषणांतून दिसत नाहीत. तुम्ही काय केले, अडचण काय आली, कोणाची मदत घेतली आणि शेवटी काय झाले, यांतून ते दिसतात. असे चार-पाच प्रसंग वहीत लिहून काढावेत, शिक्षकांना वाचून दाखवावेत आणि ते जिथे प्रश्न विचारतील तिथे तपशील भरावा. कुठल्याही वर्गाने पाठ करायला दिलेली तयार उत्तरे मात्र घेऊ नयेत.

आपल्या गावाविषयी प्रश्न येतातच. नागपूरच्या मुलाला वायुसेनानगर येथे हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे, कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळाच्या रेजिमेंटचे केंद्र आणि एनसीसीची अधिकारी प्रशिक्षण अकादमी आहे, १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर भोसले आणि इंग्रज यांच्यात लढाई झाली, एवढे तरी नीट समजून माहीत असले पाहिजे.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांनी एक लक्षात ठेवावे की एनडीएची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. त्यात गणिताला ३०० आणि सामान्य क्षमता चाचणीला ६०० गुण असतात, म्हणून गणितातील इंग्रजी संज्ञांची ओळख दहावीतच करून घ्यावी. डोळे, दात आणि कान अर्ज करण्यापूर्वीच डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत.

एसपीआयमध्ये निवड झाली नाही, तरी बारावीत असताना एनडीएची परीक्षा थेट देता येते. महाविद्यालयात एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत मिळवून पदवीला ५० टक्के गुण राखले, तर सैन्याच्या एनसीसी विशेष प्रवेश योजनेत लेखी परीक्षेशिवाय एसएसबीला जाता येते. त्या मुलाखतीच्या तयारीसाठी नाशिक रोड येथील छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात पात्र उमेदवारांना विनामूल्य प्रशिक्षण मिळते आणि त्याची चौकशी नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी.

अर्ज पाठवल्यावर त्याची छापील प्रत कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवावी आणि मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात घरातल्या कोणाला तरी ती समोर धरून ओळीओळीवर प्रश्न विचारायला सांगावे.