घरगुती बिटकॉइन मायनिंगसाठी यंत्रांची तुलना कशी करावी

बिटकॉइन मायनिंगचे, म्हणजे गणिती प्रयत्न करून नवे बिटकॉइन मिळवण्याचे, यंत्र घरासाठी निवडताना जाहिरातीत ठळक छापलेला टेराहॅशचा आकडा (सेकंदाला किती लाख कोटी हॅश, म्हणजे असे प्रयत्न, होतात तो) बाजूला ठेवावा आणि विजेचा दर प्रतियुनिट किती रुपयांपर्यंत गेला तरी ते यंत्र तोट्यात जात नाही, हे आधी काढावे. तुलना अर्थातच एकाच अल्गोरिदमच्या (हॅश काढण्याच्या पद्धतीच्या) यंत्रांमध्ये करावी. अँटमायनर एस२१ बिटकॉइनसाठी आहे, तर एल७ लाइटकॉइन आणि डोजकॉइनसाठी. त्यांचे हॅश एकमेकांशी ताडून काहीच कळत नाही.

यंत्राला लागणाऱ्या वॉटला टेराहॅशने भागावे आणि उत्तराला ०.०२४ ने गुणावे, म्हणजे एका टेराहॅशमागे दिवसाला किती युनिट जळतात ते समजते. एस२१ (२०० टेराहॅश, ३५०० वॉट) ०.४२ युनिट घेते, एस१९ (९५ टेराहॅश, ३२५० वॉट) ०.८२, आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारे एस९ (१३.५ टेराहॅश, सुमारे १३२० वॉट) तब्बल २.३५ युनिट. एप्रिल २०२४ पासून प्रत्येक ब्लॉकला (व्यवहारांच्या नोंदींच्या गठ्ठ्याला) ३.१२५ बिटकॉइन मिळतात आणि दिवसाला सरासरी १४४ ब्लॉक निघतात, म्हणजे एकूण ४५० बिटकॉइन; या आकड्याला नेटवर्कच्या, म्हणजे जगभरातील सर्व बिटकॉइन यंत्रांच्या, एकूण टेराहॅशने भागून त्या दिवसाच्या रुपयांतील भावाने गुणले की एका टेराहॅशची दैनंदिन कमाई हाती येते. व्यवहारशुल्काची थोडी भर आणि पूलच्या (एकत्र मायनिंग करणाऱ्यांच्या गटाच्या) शुल्काची वजावट त्यात धरावी. ही कमाई समजा ४ रुपये आली, तर एस२१ ला साडेनऊ रुपये युनिटपर्यंतची वीज परवडते, एस१९ ला ४ रुपये ८७ पैशांपर्यंतची, आणि एस९ ला १ रुपया ७० पैशांच्या वरची वीज परवडतच नाही. दर २०१६ ब्लॉकांनी, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, काठिण्य (ब्लॉक शोधणे किती अवघड आहे ते) बदलते. त्यामुळे हे गणित खरेदीच्या दिवशी पुन्हा करावे.

आता आपला दर. येथे बहुतेक जण बिलाची सरासरी काढतात आणि फसतात. एस२१ दिवसाला ८४, महिन्याला २५२० युनिट वापरते. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात ५०० युनिटांवरचा टप्पा सर्वांत महाग आहे आणि यंत्राचा जवळजवळ सगळा वापर त्याच टप्प्यात पडतो. तो दर दहा रुपयांच्या बराच वर असल्याने, महाराष्ट्रातील साध्या घरगुती जोडणीवर मोठे यंत्र चालवण्याचा विचार न केलेलाच बरा, असे माझे मत आहे.

उष्णतेचा हिशेबही यातच येतो. ओढलेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत पसरते, आणि ३५०० वॉटची उष्णता बाहेर काढायला एक टनाचा एसी जेमतेम पुरतो. त्याचे बिल वेगळे. पंख्यांचा आवाज ७५ डेसिबलच्या आसपास असतो, तेव्हा सदनिकेत शेजारी किती दिवस गप्प बसतील याचाही अंदाज घ्यावा. चोवीस तासांच्या अशा भारासाठी स्वतंत्र वायरिंग आणि एमसीबी आवश्यक आहे. एसीच्या जुन्या पॉइंटवर भागवू नये.

हौसेखातर काही हवे असेल, तर बिटॅक्स गॅमासारखे १.२ टेराहॅशचे छोटे यंत्र १७-१८ वॉटवर चालते आणि महिन्याला १२-१३ युनिट घेते. मात्र नेटवर्क ६०० एक्साहॅशचे (एक एक्साहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश) धरले तरी एकट्याने ब्लॉक सापडण्याचा योग सरासरी साडेनऊ हजार वर्षांतून एकदा येतो. त्याला लॉटरीचे तिकीट समजूनच घ्यावे.

करातही सूट नाही. आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि मायनिंगच्या पायाभूत सुविधांवरील खर्च खरेदीमूल्यात धरला जाणार नाही, असे केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले आहे.

जुने यंत्र घेताना ते विक्रेत्याकडे किमान काही तास चालवून पाहावे, तिन्ही हॅशबोर्ड (हॅश काढणाऱ्या चिपचे बोर्ड) यंत्राच्या डॅशबोर्डवर दिसतात का ते तपासावे आणि भिंतीच्या सॉकेटवर वॉटमीटर लावून प्रत्यक्ष वापर मोजावा. किनारपट्टीवर वापरलेल्या यंत्राच्या बोर्डांवर गंज दिसला, तर किंमत कितीही उतरली तरी ते घेऊ नये.