बास घरट्यावर असताना गळ कुठे टाकावा, कुठे टाकू नये

काठापासून चार-पाच हातांवर, गुडघाभर पाण्यात, काळपट तळावर परातीएवढा फिकट, झाडून काढल्यासारखा गोल दिसला की ते बासचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातल्या एका शिकारी माशाचं, घरटं समजावं. जरा थांबलं तर त्या गोलावर घिरट्या घालणारा गडद मासा दिसतो. तो नर. तळ झाडून झाडून त्याच्या शेपटीची खालची कड लालसर, कधी फाटलेलीही असते. अंडी घालून झाली की मादी खोल पाण्यात निघून जाते. पुढचे दोन ते चार आठवडे राखण एकट्या नराची. त्या काळात तो जवळजवळ काही खात नाही.

म्हणजे घरट्यावरचा नर आमिषावर झेपावतो तो भुकेने नव्हे. घरट्यात घुसलेली वस्तू बाहेर काढायची म्हणून तो ती तोंडात धरतो. म्हणूनच तो पकडायला इतका सोपा असतो, आणि म्हणूनच त्याच्यावर गळ टाकू नये.

हंगाम पाण्याच्या तापमानावरून ओळखा

बासच्या दोन प्रमुख जातींपैकी स्मॉलमाउथ साधारण १३ ते १८ अंश सेल्सिअसला घरटी करतो, लार्जमाउथ १६ ते २४ अंशांच्या दरम्यान. त्यामुळे फ्लोरिडात जानेवारीतही घरटी दिसतात, तर अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या ग्रेट लेक्स या महासरोवरांच्या परिसरात आणि कॅनडातल्या ओंटारिओत मे-जून उजाडतो. पौर्णिमेचा हिशोब बरेच जण मांडतात, पण थर्मामीटर जास्त भरवशाचा. तो दोरीला बांधून दोन-तीन फूट खाली सोडा आणि सकाळी मोजा. दुपारी वरचा थर उन्हाने तापलेला असतो, तेवढ्यावर विसंबलात की अंदाज चुकतो.

एकच मोजणी पुरत नाही. उत्तर काठाच्या उथळ खाडीला दक्षिणेचं ऊन मिळतं आणि उत्तरेचा गार वारा लागत नाही, त्यामुळे तिथलं पाणी आधी तापतं. एकाच तळ्यात एका खाडीत पिल्लं बाहेर पडलेली असतात आणि दुसऱ्या टोकाला माद्यांच्या पोटात अजून गाभोळी असते. ज्या खाडीत उतरायचं, तिथलं तापमान घ्या.

लार्जमाउथची घरटी बहुतेक वेळा अर्धा ते दीड मीटर पाण्यात, लव्हाळ्याच्या मुळांशी किंवा बुडालेल्या ओंडक्याच्या आडोशाला असतात. स्मॉलमाउथला खडी लागते, शेजारी मोठा दगड असला तर उत्तम. नितळ पाण्यात तो तीन मीटर किंवा त्याहून खोलही जातो, म्हणून त्याची घरटी नजरेतून सहज सुटतात. पोलराइज्ड चष्मा घाला, सूर्य पाठीशी ठेवा आणि आधी तळ पाहून घ्या. गळ त्यानंतर.

१८ ते २० अंशांना अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, गार पाण्यात आठवडा किंवा जास्त लागतो. फुटल्यावर पिल्लं आणखी आठवडाभर खड्यांच्या फटीत पडून असतात, पोटाखालच्या बलकावर जगतात. मग एके दिवशी सगळी वर उठतात. स्मॉलमाउथची असली तर पाण्यात काळा धूर तरंगावा तसा तो पुंजका दिसतो. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. घरटं रिकामं दिसतं, म्हणजे हंगाम संपला असं वाटतं. प्रत्यक्षात नर त्या पुंजक्याच्या खालीच फिरत असतो. पुंजका दिसला की त्याच्या आसपासही गळ टाकू नका.

नर उचलला की काय होतं

ब्लूगिल नावाचे लहान मासे घरट्याच्या कडेने टपून असतात. नर हटला की मिनिटा-दोन मिनिटांत पहिला ब्लूगिल आत शिरतो, त्याच्यामागे बाकीचे. ग्रेट लेक्समध्ये त्यात राउंड गोबीची भर पडली आहे. जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून, म्हणजे तोल राखायला तळात भरलेल्या पाण्यातून, आलेला हा मासा १९९० मध्ये सेंट क्लेअर नदीत आढळला आणि आता तिथल्या स्मॉलमाउथच्या अंड्यांवर ताव मारतो. म्हणजे मासा जिवंत सोडला तरी तो गळाला होता तेवढ्या वेळात घरटं लुटलं जातं. परत आलेला नर थकलेला असतो, पूर्वीसारखा हल्ला परतवू शकत नाही. अंडी फारच कमी उरली असतील तर तो घरटं सोडूनच देतो. मादी परत येऊन राखण करत नाही.

आकाराने मोठ्या नराच्या घरट्यात सहसा अंडी जास्त असतात, आणि तोच जास्त त्वेषाने धावून येतो. म्हणजे गळाला आधी लागतो तो सगळ्यात चांगला बाप. इलिनॉयमधल्या रिज लेकच्या माशांवर अनेक पिढ्या चाललेल्या प्रयोगांत असं दिसलं, की गळाला सहज लागण्याचा स्वभाव काही अंशी वारशाने उतरतो. दरवर्षी घरट्यांवरून तेच नर उचलत राहणं किती महागात पडू शकतं, ते यावरून कळावं.

यामुळे प्रत्येक तळं ओस पडतं असं मात्र नाही. दक्षिणेकडच्या मोठ्या जलाशयांत हंगाम लांब असतो, थोडी घरटी यशस्वी झाली तरी भरपूर पिल्लं निघतात, आणि त्यातली किती जगणार हे पाण्याची पातळी, थंडीची लाट आणि अन्न यांवर जास्त ठरतं. उत्तरेत तशी सवड नाही. घरटं मोडलं तर दुसरं करायला दिवस अपुरे पडतात, आणि उशिरा जन्मलेलं पिल्लू हिवाळ्याआधी पुरेसं वाढत नाही. उत्तरेतल्या लहान, नितळ तळ्यात घरट्यावर गळ टाकणं मुळीच समर्थनीय नाही. दक्षिणेत नुकसान कमी असेल, पण मासा लागावा यासाठी त्याच्या राखणीचाच फायदा घ्यायचा, हे तिथेही बरोबर नाही.

नियम जागोजागी वेगळे आहेत. ओंटारिओत बंद हंगामात बासच्या मागे लागणंच बेकायदा, मग सोडून देणार असलात तरी. न्यूयॉर्कमध्ये सर्वसाधारण नियम असा, की १ डिसेंबर ते १४ जून पकडून लगेच सोडायचा, तोही कृत्रिम आमिषानेच. टेक्सासात बंद हंगाम नाही. बऱ्याच तळ्यांना स्वतंत्र अपवाद असतात, म्हणून चालू वर्षाची नियमपुस्तिका त्या तळ्याच्या नावासकट पाहा.

मग गळ टाकायचा कुठे

खाडीच्या तोंडाशी, पाणवनस्पती जिथे संपतात त्या बाहेरच्या कडेला, अडीच ते पाच मीटर खोलीवर. अंडी घालून परतलेल्या माद्या तिथे मिळतात. स्विमबेट, स्पिनरबेट, क्रँकबेट अशी चालती आमिषं वापरा. तळावर घासत नेलेला जिग किंवा मऊ प्लास्टिकचा किडा उथळ पाण्यात अलगद घरट्यात जाऊन बसतो, तो या दिवसांत बाजूला ठेवलेला बरा. गाभोळीने फुगलेली मादी लागली तर तिलाही त्याच घाईने सोडा. पाइक आणि वॉलआय या दुसऱ्या शिकारी माशांची वीण तोवर उरकलेली असते. त्यांचा हंगाम खुला असेल तर त्यांच्याकडे वळा.

नावेकडेही लक्ष हवं. उथळ खाडीत नांगर टाकू नका. विजेच्या मोटरचा झोत तळावर आला तर अंडी गाळासकट उडतात. वेडर, म्हणजे छातीपर्यंतची जलरोधक विजार, घालून पाण्यात चालणाऱ्यांनी प्रत्येक पाऊल तळ बघून टाकावं.

चुकून लागलाच तर

तयारी काठावरच करा. गळ एकेरी ठेवा आणि त्याच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. लाइन १२ ते १५ पाउंडांची हवी. बारीक लाइनवर मासा दमवत बसावं लागतं आणि तेवढा वेळ घरटं उघडं पडतं. पकड खिशात नको, हाताशी हवी.

मासा जवळ आला की पाण्यातच ठेवा. गळाची दांडी पकडीत धरून तोंड खाली वळवा, बहुतेक वेळा मासा आपणच सुटतो. जाळी लागलीच तर रबरी, बिनगाठीची. हात लावण्याआधी ओले करा, कारण कोरड्या हाताने किंवा नावेतल्या गालिच्यावर अंगाचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. खालचा ओठ धरून मासा आडवा लटकवू नका, जबड्यावर सगळं वजन येतं. दुसरा हात पोटाखाली द्या. फोटोचा मोह टाळा. टाळता आला नाहीच, तर दहा सेकंदांच्या आत मासा पुन्हा पाण्यात गेला पाहिजे. गळ घशात उतरला असेल तर ओढू नका, लाइन गळाजवळ कापा.

जिथे लागला तिथेच सोडा. लाइव्हवेलमध्ये, म्हणजे नावेतल्या पाण्याच्या टाकीत, ठेवून पुढे नेऊ नका. झुंजीत नाव वाहत गेली असेल तर आधी घरट्यापाशी परत या. तोवर मासा ओल्या जाळीत, पाण्याखाली. सोडल्यावर तीसेक मीटर मागे सरा आणि त्या खाडीत पुन्हा गळ टाकू नका.

स्पर्धांमध्ये हे जमत नाही, कारण मासे दिवसभर लाइव्हवेलमध्ये राहतात आणि वजनकाट्यापाशी, घरट्यापासून कितीतरी लांब, सोडले जातात. बास स्पर्धांचे अमेरिकी आयोजक रे स्कॉट यांनी १९७२ मध्ये बासच्या स्पर्धांत मासे जिवंत सोडण्याची पद्धत आणली, तो मोठा बदल होता. पण घरट्यावरच्या नराला तेवढ्याने काही मिळत नाही. कयाकच्या स्पर्धांत मासा मोजपट्टीवर ठेवून फोटो काढतात आणि जागीच सोडतात. विणीच्या महिन्यांत आयोजकांनी तीच पद्धत ठेवावी, नाहीतर तारीख पुढे ढकलावी.

उथळ पाण्यात परतायची वेळ तळच सांगतो. पाणी २४ अंशांच्या वर गेलेलं असतं. पुंजके फुटून बोटाच्या पेराएवढी पिल्लं पाणवनस्पतींत पांगलेली असतात. आणि ज्या गोलांवर नर घिरट्या घालत होते, त्यांवर गाळाचा पातळ थर बसून ते बाकीच्या तळात मिसळून गेलेले असतात.