एक गोळी, दोन विषाणू : हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीच्या औषधात या चुका टाळा

मे महिन्यातली भर दुपार. एक काका आमच्या औषधाच्या दुकानात आले. हातात लॅमिवुडिन १०० मिलिग्रॅमची रिकामी स्ट्रिप. "लिव्हरची गोळी आहे, दोन वर्षं झाली घेतोय." त्यांना बाजूला घेऊन मी हळूच विचारलं, "काका, ही सुरू करायच्या आधी एचआयव्हीची तपासणी झाली होती का?" ते एकदम चपापले. मी त्यांच्या चारित्र्यावर बोट ठेवतोय असंच त्यांना वाटलं. पण मी गोळीबद्दलच विचारत होतो.

लॅमिवुडिन हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही या दोन्ही विषाणूंवर चालते. हिपॅटायटिस बीसाठी दिवसाला १०० मिलिग्रॅम देतात. एचआयव्हीसाठी ३०० लागतात, तेही बाकीच्या औषधांच्या जोडीनं. अंगात एचआयव्ही लपलेला असेल आणि नुसती १०० ची गोळी सुरू राहिली, तर तो मरत नाही, उलट या औषधाला निर्ढावतो. पुढे एचआयव्हीचं निदान होतं तेव्हा एक हत्यार आधीच बोथट झालेलं असतं. हिपॅटायटिस बीच्या दुसऱ्या गोळीचं, एन्टेकॅविरचंही तसंच. म्हणून हिपॅटायटिस बीची कुठलीही गोळी सुरू करण्याआधी एचआयव्हीची तपासणी हवीच. ती तुमच्या संमतीनंच होते आणि २०१७ च्या कायद्यानं ती माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.

नुसत्या हिपॅटायटिस बीसाठीही एकटी लॅमिवुडिन आता पहिली पसंती नाही. पाच वर्षांत साधारण ७० टक्के रुग्णांमध्ये विषाणू तिला जुमानत नाही. काकांना मी एवढंच सांगितलं, "गोळी मनानं बंद करू नका, पण उद्याच डॉक्टरांना भेटा."

"मनानं बंद करू नका" हे मी दिवसातून कितीदा तरी सांगतो, कारण सगळ्यात जीवघेणी चूक तीच आहे. एआरटी सेंटरमधून, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रातून, मिळणाऱ्या टीएलडीच्या गोळीत टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राविर असतं. यातली पहिली दोन हिपॅटायटिस बीलाही दाबून ठेवतात. व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात एचआयव्ही किती आहे त्याचा, रिपोर्ट चांगला आला, वजन भरलं, की माणसाला वाटतं, आता कशाला? गोळी सुटते आणि दोन्ही विषाणू अंगात असतील तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत हिपॅटायटिस बी उसळून येतो. डोळे पिवळे, लघवी गडद, उलट्या. आपल्याकडे अशा वेळी घरचे लगेच झाडपाल्याचं औषध शोधायला निघतात. कृपा करून तसं करू नका. तडक नागपूरचं सरकारी रुग्णालय, मेडिकल किंवा मेयो, गाठा, गोळ्यांची डबी सोबत न्या आणि गोळी कधी सुटली ते खरं सांगा. लिव्हर निकामी होण्यापर्यंत वेळ येऊ शकते, लाजेपायी वेळ घालवू नका.

एचआयव्हीची औषधं बदलतानाही हा धोका असतो. किडनीमुळे टेनोफोविर थांबवायचं ठरलं किंवा खासगीत कॅबोटेग्राविर या एचआयव्हीच्या इंजेक्शनचा विषय निघाला, तर थेट विचारा, "डॉक्टर, माझ्या हिपॅटायटिस बीचं काय?" ते इंजेक्शन हिपॅटायटिस बीवर काहीच काम करत नाही.

एखादा डोस विसरलात आणि त्याच दिवशी आठवलं, तर लगेच घ्या. दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम घेऊ नका. अँटासिड घेत असाल तर टीएलडी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही हेच अंतर ठेवा, नाहीतर जेवणासोबत दोन्ही एकत्र घ्या. उपाशीपोटी एकत्र घेतल्या तर डोल्युटेग्राविर अंगी लागत नाही.

आणि आपल्या नागपूरचं ऊन! पारा ४५ वर असताना गाडीच्या डिक्कीत डबी ठेवून दुपारभर फिरू नका. गोळ्या मूळ डबीतच, आतली ओल शोषणारी छोटी पुडी न काढता, घरात थंड जागी ठेवा.

घरच्यांचं राहून जातं. बायको, नवरा, मुलं, सगळ्यांची हिपॅटायटिस बीची तपासणी करून घ्या, ज्यांना नाही त्यांना लस द्या. घरात बाळ होणार असेल तर जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिली लस टोचली जाईल हे दवाखान्यात आधीच बोलून ठेवा.