नागपुरात घर बांधताय? आधी साईटवरचे शब्द शिकून घ्या

आमच्या घराचं काम चालू होतं तेव्हा मी मिस्त्रीला सांगितलं की दरवाज्याचं लिंटेल (वरचा आडवा बीम) ७ फुटावर ठेवा, त्याने बरोबर ७ फुटावरच ठेवलं, आणि तरी चौकट बसवायच्या दिवशी ती आत जाईना. कारण त्याने प्लिंथ बीमच्या (जोत्याच्या बीमच्या) वरून मोजलं होतं आणि मी डोक्यात टाईल्सच्या वरून धरलं होतं, मधले कोबा (टाईलखालचा काँक्रीटचा थर) आणि टाईलचे ४ इंच दोघांनीही बोलून दाखवले नाहीत. शेवटी चौकटीचे पाय कापावे लागले. शब्द दोघांनाही येत होता, पण "७ फूट कुठून?" हे कोणी विचारलंच नाही, म्हणून हे सगळं लिहून राहिलो.

पहिलं काम म्हणजे एक साधी वही घ्या आणि पानावर तीन रकाने पाडा: ड्रॉइंगवरचा शब्द, मिस्त्रीचा शब्द, आपल्या घरचा शब्द. आपल्याकडे बरेच मिस्त्री छत्तीसगड, बालाघाटकडचे असतात, ते "तराई" म्हणतात, इंजिनीअर "क्युरिंग" म्हणतो आणि घरचे "पाणी मारणं" म्हणतात, तिन्ही एकच, काँक्रीट ओलं ठेवणं. पुण्याकडचे व्हिडिओ पाहून खडी आणि वाळू म्हणाल तर समजतात सगळे, पण नागपुरात बिल गिट्टी आणि रेतीच्या नावानेच येतं. ते येतं ब्रासमध्ये, आणि १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, त्यामुळे ट्रॉली आली की लांबी रुंदी उंची फुटात मोजून गुणाकार करा आणि १०० ने भागा, कोणाला वाईट वाटायचं कारण नाही.

सळईच्या बाबतीत तर हमखास घोळ होतो, कारण ड्रॉइंगवर एमएम असतं आणि मिस्त्री सूत बोलतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सूत म्हणजे ८ एमएम, ३ सूत १० एमएम, ४ सूत १२ आणि ५ सूत १६, एवढं वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवा. सोबत "कव्हर" हा शब्द पण शिका, म्हणजे सळईच्या बाहेर काँक्रीटची जी जाडी राहते ती. स्लॅबला कमीत कमी २० एमएम, बीमला २५, कॉलमला ४० लागतं, आणि ते राखायला सळईखाली कव्हर ब्लॉक ठेवतात. दगडाचा किंवा फरशीचा तुकडा सरकवलेला दिसला तर काम तिथेच थांबवा, कारण सळई उघडी पडली की गंज धरते आणि मग काँक्रीटचे पोपडे निघतात.

पाया खोदताना आपल्या भागात एकच प्रश्न महत्त्वाचा, मुरूम लागला का? काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगा पडतात, तिच्यावर फूटिंग (कॉलमखालचा पाया) बसवलं तर भिंतीला तिरप्या भेगा येतात, म्हणून ती ओलांडून खाली कडक थरापर्यंत जावंच लागतं. आणि जोत्यात भर टाकताना तीच काळी माती परत आत ढकलू देऊ नका, मुरूमच भरा, थराथराने पाणी टाकून ठोका. जोतं म्हणजेच प्लिंथ. त्याची उंची सांगतानाही आधी विचारा, कुठून? रोडपासून की प्लॉटच्या मातीपासून? सिमेंटचे रोड झाल्यावर कितीतरी जुनी घरं रोडच्या खाली गेली आणि पावसात अंगणात पाणी शिरतं, हे सगळ्यांनी पाहिलंय.

खिडकीचे तीन शब्द एकत्र शिका. सिल म्हणजे खिडकीची खालची कड, लिंटेल म्हणजे वरचा आडवा बीम, छज्जा म्हणजे त्याच्या बाहेर निघालेला स्लॅबचा पट्टा. छज्ज्याच्या खालच्या बाजूला कडेजवळ एक खाच ठेवतात, तिला ड्रिप म्हणतात, तिच्यामुळे पाणी भिंतीकडे न वळता तिथूनच टपकतं, छोटी गोष्ट आहे पण प्लास्टर वाचतं. आणि हो, कूलर! ४५ डिग्रीच्या गावात कूलर कुठल्या खिडकीत बसेल हे ड्रॉइंगमध्येच काढून घ्या, सिलची उंची त्याच्याच हिशोबाने ठरवा, बाहेर स्टँड, पाण्याचा पॉइंट आणि प्लग पण तिथेच मागा. नंतर भिंत फोडून ग्रिल कापावी लागते.

स्लॅबच्या वेळी सेंट्रिंग, म्हणजे खालचे टेकू आणि प्लेटा, कधी काढणार हे तारखेसकट लिहून घ्या. साधं ओपीसी सिमेंट असेल तर साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला टेकू ७ दिवस, त्याहून लांब स्लॅबला १४, आणि लांब बीम असेल तर अजून जास्त, फ्लाय ॲशवालं (कोळशाची राख मिसळलेलं) पीपीसी सिमेंट असेल तर इंजिनीअरला विचारून वाढवा. तराई कोरड्या गरम हवेत १० दिवसांपेक्षा कमी नकोच. मे महिन्यात स्लॅब टाकला असेल तर वर छोटे छोटे आळे करून पाणी साठवा, पाईपने शिंपडलेलं अर्ध्या तासात उडून जातं.

बाथरूमचा एक शब्द मला फार आवडतो, नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीवरचं पाणी जिथून पाईपमध्ये जातं ते भांडं. आपली न्हाणी सरळ प्लंबिंगच्या कॅटलॉगमध्ये जाऊन बसली. टाईल लावायच्या आधी प्लंबरला विचारा की ट्रॅपचं तोंड तयार फरशीपासून किती खाली, मग वॉटरप्रूफिंग झालं की ट्रॅपला बोळा लावून बाथरूममध्ये पाणी भरून ठेवा, दुसऱ्या दिवशी खालच्या खोलीत जाऊन छताला हात लावून पाहा, आणि ते कोरडं असेल तरच टाईलवाल्याला बोलवा.