सिमिलॅरिटी रिपोर्ट, एआय आणि खोटे संदर्भ: या चुका टाळा

लायब्ररीत माझ्या टेबलाशी येणारं कुणीही हल्ली आधी हेच विचारतं, "मॅडम, किती टक्के आले?" म्हणजे सिमिलॅरिटी रिपोर्टमध्ये आपला किती मजकूर आधीच्या लिखाणाशी जुळला. पुस्तक कुठे मिळेल, जर्नल आहे का, हे सगळं नंतर. आणि फक्त विद्यार्थीच नाही, नोकरी करणारी मंडळीपण येतात, कारण ऑफिसचे रिपोर्टसुद्धा आता तपासून मागतात. तर रोज दिसणाऱ्या चुका एकदा लिहूनच काढते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे टक्क्यांच्या मागे लागणं. हा रिपोर्ट काढणारं टर्निटिन असो नाहीतर दुसरं काही, सॉफ्टवेअर चोरी पकडत नाही हो, ते फक्त जुळणारा मजकूर रंगवून दाखवतं. संदर्भसूची जुळते, अवतरणातलं वाक्य जुळतं, प्रश्नावली जुळते. म्हणून २२ टक्के असून काम स्वच्छ असू शकतं आणि ४ टक्क्यांत एक अख्खा परिच्छेद उचललेला असू शकतो. पण आकडा बघून घाबरलेली मुलं काय करतात, तर 'परिणाम'चं 'प्रभाव' करतात, 'वाढ'चं 'वृद्धी' करतात, वाक्य तेच, विचार दुसऱ्याचाच आणि त्याचं नाव कुठेच नाही. टक्के उतरले, चोरी तशीच राहिली. त्यापेक्षा रिपोर्ट उघडा, रंगवलेला एकेक तुकडा बघा आणि प्रत्येकाला विचारा, हे कुणाचं आहे आणि मी त्याचं नाव दिलंय का.

आणि रिपोर्ट एकदम ९५च्या वर आला तर आधी बघा, जुळलेला स्रोत कुठला आहे ते. एक मुलगी अक्षरशः रडत आली होती, बघितलं तर तिचाच पहिला ड्राफ्ट डेटाबेसमध्ये साठवला गेला होता आणि दुसरा ड्राफ्ट त्याच्याशी जुळत होता. तो स्रोत वगळायला लावला, प्रश्न मिटला. ड्राफ्ट तपासायला देताना तो साठवू नका असं आधीच सांगायचं. कुठल्यातरी फुकट वेबसाइटवर तर थीसिस टाकूच नका, तिथे तुमच्या फाईलचं पुढे काय होतं ते तुम्हाला कळणारसुद्धा नाही.

आता खोटे संदर्भ, यावर मला जरा जास्तच बोलायचंय. मागे एकजण पाच संशोधन पेपरांची यादी घेऊन आला, म्हणे हे मिळवून द्या. लेखक खरे, जर्नल खरं, वर्ष, खंड, पान नंबर सगळं व्यवस्थित. मी त्या जर्नलचा तो खंड उघडला तर त्या पानावर भलताच लेख! पाचातले चार पेपर कुणी कधी लिहिलेलेच नाहीत, यादी चॅटबॉटने दिलेली. तो मुलगा खोटारडा नव्हता, त्याला खरंच वाटलं की इतकं नीट दिसतंय म्हणजे असणारच. अशीच गोष्ट २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात झाली, वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटले दाखले म्हणून दिले आणि ५,००० डॉलर दंड झाला. २०२५ मध्ये डेलॉइट या सल्लागार कंपनीला ऑस्ट्रेलिया सरकारसाठी केलेल्या रिपोर्टमध्ये असे चुकीचे संदर्भ सापडल्यावर फीचा काही भाग परत करावा लागला. म्हणजे हे फक्त कॉलेजपुरतं राहिलेलं नाही.

तपासायला दोन मिनिटं लागतात. डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ओळख क्रमांक, असेल तर तो डीओआय डॉट ओआरजीच्या पुढे टाका आणि जे पान उघडेल त्याचं शीर्षक नीट वाचा, नुसतं पान उघडलं म्हणून खूश होऊ नका. डीओआय नसेल तर जर्नलच्या साइटवर त्या खंडाची अनुक्रमणिका बघा. तिथेही नसेल तर यादीतून काढा. आणि सापडला तरी निदान तो भाग वाचा, न वाचलेला पेपर संदर्भात घालणं हीपण फसवणूकच. संदर्भ सांभाळणारं झोटेरो सॉफ्टवेअर वापरत असाल तर जर्नलने चुकांमुळे मागे घेतलेल्या पेपरवर ते इशारा दाखवतं, तो बंद करून टाकू नका.

पीडीएफमधून थेट कॉपी करतानापण सांभाळा. 'व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी' असं काही तंत्र जगात नाही. १९५९च्या एका पेपरात दोन कॉलम होते, डावीकडे एक शब्द, उजवीकडे दुसरे, डिजिटल करताना ओळ आडवी वाचली गेली आणि हे नाव तयार झालं. पुढे ते खऱ्याखुऱ्या पेपरांत छापून आलं, छापताना कुणाला खटकलं नाही!

मॅनेजर आणि शिक्षकांची एक चूक, एआय डिटेक्टरचा, म्हणजे मजकूर एआयने लिहिलाय का ते सांगणाऱ्या सॉफ्टवेअरचा, आकडा पुरावा म्हणून धरायचा. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध सात डिटेक्टरना दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरवले गेले. परक्या भाषेत साधं सरळ लिहिणाऱ्यावर असा आळ येणं मला फार अन्यायाचं वाटतं. तुमच्यावर आला तर भांडत बसू नका, व्हर्जन हिस्टरी, म्हणजे फाईल कधी कशी बदलत गेली त्याची नोंद, दाखवा, नोट्स दाखवा, त्यातल्या कुठल्याही परिच्छेदावर समोर बसून बोला.

लायब्ररीच्या ऑनलाइन जर्नलांचा पासवर्ड मित्राला देऊ नका, हे पण आलंच. आमच्याकडे एकाच्या लॉगिनवरून रात्रीत ढीगभर पीडीएफ उतरवल्या गेल्या आणि प्रकाशकाने सगळ्यांचाच ॲक्सेस थांबवला, परीक्षेच्या तोंडावर.

नोट्स काढताना दुसऱ्याची वाक्यं एका रंगात, स्वतःचं दुसऱ्या रंगात ठेवा आणि पान नंबर तिथल्या तिथे लिहा. तीन महिन्यांनी कुठलं वाक्य कुणाचं हे आठवत नाही, ओढूनताणून आठवायला गेलं की घोळ होतो. आणि माझ्या टेबलाशी रिपोर्ट घेऊन याल तेव्हा ती नोट्सची फाईलपण आणा, निम्म्या शंका तिच्यातच सुटतात.