विहिरीतल्या दाबावरून तेल की पाणी ठरवताय? या चुका टाळा

गेल्या रविवारी भाचा वडोदऱ्यात दांडिया बाजारच्या घरी आला. नुकताच तेलाच्या कामाला लागलाय. ट्रेनिंगमध्ये मिळालेला एका जुन्या तेलविहिरीचा डेटा, म्हणजे वेगवेगळ्या खोलीवर मोजलेले थरातले दाब, त्याने आलेखावर मांडला होता. "मामा, बघा, तेलच आहे!" बारा बिंदू, सगळे एका रेषेत, दाबाचा उतार, म्हणजे खोलीनुसार दाबाची वाढ, मीटरला १.२३ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). त्याला पाण्याच्या उताराने, १.४२२ ने, भागलं की पाण्याच्या तुलनेत घनता येते ०.८६५. हिशोब चोख होता. मी विचारलं, विहीर सरळ की तिरकी? तीस अंश तिरकी होती, आणि त्याने खोली धरली होती केबलच्या लांबीची. तेच बिंदू उभ्या खोलीवर, म्हणजे टीव्हीडीवर मांडले तर उतार १.४२ आला. ते पाणी होतं.

आमच्या सूरसागर तळ्यात एक मीटर खाली गेलं की दाब साधारण १.४२ पीएसआयने वाढतो. तळं केवढं आहे, कसं आहे, याला महत्त्व नाही. उभी खोली तेवढी मोजायची. जमिनीखालच्या वाळूच्या थरातही नियम हाच. तेलात ही वाढ मीटरला १ ते १.२ च्या आसपास असते, वायूत बहुतेकदा ०.४ च्याही खाली. तिरक्या विहिरीत खोली चुकली की पाणी तेलाचं सोंग घेतं.

दुसरी चूक म्हणजे दोन बिंदूंवर विश्वास. थर पाच मीटरचा, तेलाची घनता ०.८, वरच्या आणि खालच्या बिंदूतला फरक जेमतेम ५.७ पीएसआय. त्यात एका पीएसआयची चूक झाली तरी घनता ०.६६ पासून ०.९४ पर्यंत कुठेही जाते. एवढ्यावर तेल की पाणी हे कोणीही सांगू नये. थर पातळ असेल तर तसं स्पष्ट लिहा, रेषा ओढू नका.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वाईट बिंदू रेषेत घेतल्याने, आणि इथे मी कुणाचीही घाई चालू देत नाही. प्रत्येक बिंदूचा वेळेनुसार दाबाचा आलेख उघडून बघा. प्रोब, म्हणजे दाब मोजायला विहिरीच्या भिंतीला टेकवायची नळी, नीट चिकटला नाही, सील गेलं, तर वाचलेला दाब म्हणजे मडचाच, विहिरीत भरलेल्या चिखलासारख्या द्रवाचाच दाब. खडक घट्ट असेल तर दाब हळूहळू चढत राहतो. तो स्थिर व्हायच्या आधी आकडा उचलला की तो कमी येतो. याच्या उलट सुपरचार्जिंग: मडचा दाब थरापेक्षा जास्त ठेवलेला असतो, त्यातलं पाणी भिंतीत मुरतं, आणि घट्ट खडकात तो वाढलेला दाब लवकर ओसरत नाही. असे बिंदू रेषेच्या उजवीकडे, जास्त दाबाच्या बाजूला पडतात. मोबिलिटी, म्हणजे खडकातून द्रव किती सहज वाहतो ते, कमी असलेला बिंदू म्हणूनच आधी संशयित धरावा. शिवाय प्रत्येक ठिकाणी टेस्टच्या आधी आणि नंतर मडचा दाब टिपा. हे दोन आकडे जुळत नसतील तर गेज तापमानाला स्थिरावलेला नाही, किंवा विहिरीतली मडची पातळी हलली आहे.

अंकलेश्वर आपल्यापासून दीड-दोन तासांवर. तिथे १९६० मध्ये तेल सापडलं, वाळूचे थर एकावर एक आणि मध्ये शेल, म्हणजे द्रव सहज आरपार न जाऊ देणारा चिकणमातीचा खडक. अशा जुन्या क्षेत्रात एका थरातून भरपूर तेल काढलेलं असतं, शेजारच्यातून कमी. दोघांचा दाब सारखा राहत नाही. शेलच्या आरपार एकच रेषा ओढली की येणारा उतार उपशाचा असतो, द्रवाचा नसतो. आधी लॉगवर, म्हणजे विहिरीतल्या खडकांच्या मोजणीच्या आलेखावर, शेलच्या खुणा करा, मग थरागणिक वेगळी रेषा. दोन विहिरी शेजारी मांडताना खोली समुद्रसपाटीपासून घ्या, आणि एका गेजचा दाब निरपेक्ष, दुसऱ्याचा वातावरणाचा दाब वजा केलेला, असं तर नाही ना, तेही पाहा. तो फरक १४.७ पीएसआयचा असतो.

आता छेदबिंदू. तेलाची आणि पाण्याची रेषा जिथे मिळते ती मुक्त पाण्याची पातळी. बारीक छिद्रांच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या खडकात पाणी त्याच्याही वर चढलेलं असतं, कधीकधी कित्येक मीटर. छेदबिंदूपर्यंत पर्फोरेशन केलं, म्हणजे तेल आत यायला विहिरीच्या पाइपला भोकं पाडली, तर तेलाबरोबर पाणी येणारच. भाच्याला आलेखावर दोन वेगळ्या ओळी लिहायला लावल्या: दाबावरून मुक्त पाण्याची पातळी, आणि रेझिस्टिव्हिटी (खडकाचा विजेला विरोध) लॉगवरून तेल-पाण्याची सीमा.