वरातीची घोडी म्हातारी झाली, आता काय करायचं?

लग्नाच्या तिथी संपल्या, पावसाळा तोंडावर आला, की फोन सुरू होतात. "दादा, घोडी लंगडते. वरातीला आता चालणार नाही. काय करू?" मी डॉक्टर नाही. आजोबांचा टांगा रविवार कारंज्यावरून नाशिक रोडला जायचा, वडिलांनी टांगा मोडून वरातीच्या घोड्या ठेवल्या, मी पंचवटीत तेच पुढे चालवतो. तीस वर्षं घोड्यांच्या पायाशी बसलोय, एवढीच माझी पात्रता. दरवर्षी फोनवर तेच तेच सांगतो, ते एकदा लिहून ठेवतो.

आधी बघा, घोडी खरंच म्हातारी झालीय का. निम्म्या वेळेला नसते. सकाळी गव्हाणीत हात घाला. अर्धवट चावलेल्या गवताचे ओले गोळे पडलेले दिसले, तर तिचे दात दुखतायत. घोड्याचे दात हिरडीतून आयुष्यभर वर सरकत राहतात आणि चावून चावून झिजतात. झीज वाकडी झाली की वरच्या दाढांची बाहेरची कड सुरीसारखी होते, गाल आतून कापतो, घोडी चावायचं सोडते, मग वाळते. डॉक्टर मोठ्या कानशीने ती कड घासून देतात. अर्ध्या तासाचं काम. एका भावाने वाळली म्हणून विकायला काढलेली घोडी कानस मारल्यावर दोन महिन्यांत भरली आणि पुढचे तीन हंगाम नाचली.

वयाचा अंदाज घ्यायचा तर वरच्या पुढच्या दातांतला अगदी कडेचा दात बघा. साधारण दहाव्या वर्षी त्यावर हिरडीजवळून एक तपकिरी खाच सुरू होते, पंधराव्या वर्षी ती अर्ध्यावर येते, विसाव्याला दाताच्या टोकाला पोचते. दलाल सांगेल "बारा वर्षांची आहे", तुम्ही खाच बघा. चांगला सांभाळलेला घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो, म्हणजे वरात सुटल्यावरही दहा वर्षं हातात असतात. खरा प्रश्न त्या दहा वर्षांचा आहे.

लंगडत असेल तर नाल काढून खूर उचला, कोरणीने साफ करा आणि नाक जवळ न्या. तळाच्या मधल्या मऊ त्रिकोणातून कुजका वास आला तर सड लागलीय, ओल्या लिदीत उभं राहून लागते. जागा कोरडी करा, डॉक्टरांकडून औषध घ्या. खिळा किंवा काच घुसलेली दिसली तर धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच दिवशी. घोड्याला धनुर्वात माणसापेक्षा लवकर होतो. आणि डांबरावर डीजेपुढे नाचवून गुडघे गेले असतील, तर मात्र परत येत नाहीत. तिथे औषधावर पैसे घालण्यापेक्षा खोगीर उतरवा.

आता ठेवायचं ठरलं तर. तीन-साडेतीनशे किलोच्या घोडीला दिवसाला सहा-सात किलो कोरडा चारा आणि पंचवीस-तीस लिटर पाणी लागतं. दात गेले असतील तर कडबा देऊच नका, घशात किंवा पोटात अडकतो. लसूणघास बारीक कापून, हरभरा रात्रभर भिजवून, दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं. दोन गोष्टी नाशिकवाल्यांसाठी मुद्दाम सांगतो. द्राक्षबागेतलं गवत फुकट मिळतं म्हणून घोडी तिथे सोडू नका, फवारणी त्या गवतावरही बसलेली असते. आणि पोल्ट्रीवाला मित्र कितीही प्रेमाने देऊ दे, कोंबडीचं खाद्य घोड्याला घालू नका. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं. कोंबडीला ते चालतं, घोड्याच्या हृदयाला तेच विष ठरतं.

ठेवणं परवडत नाही, हे मला समजतं. पावसाळ्यात कमाई शून्य आणि चारा रोजचा. म्हणून द्यायचं कुणाला, हा भाग नीट वाचा, कारण इथे मीच चुकलोय.

चांदणी नावाची नुकरी, म्हणजे पांढरी घोडी होती माझी. अठरा वर्षांची झाली तेव्हा सारंगखेड्याच्या बाजारात नेली. दत्तजयंतीची यात्रा, तापीकाठची थंडी. एक व्यापारी म्हणाला, "शेठ, काळजी करू नका, शेतावर चरायला सोडतो, पोरं बसतील." मी तिच्या तोंडावरची दोराची मोहरकी काढून घेतली, पैसे मोजले, निघालो. दोन महिन्यांनी सहज फोन केला तर म्हणाला, धुळ्याच्या माणसाला दिली. धुळ्याचा म्हणाला, वीटभट्टीवाल्याला दिली. भट्टीवाल्याने एकदा फोन उचलला, म्हणाला "बघून सांगतो", मग उचललाच नाही. मोहरकी अजून माझ्या खुंटीला आहे.

तेव्हापासून माझा नियम असा. बाजारात म्हातारं जनावर न्यायचंच नाही. माणूस शोधायचा, त्याच्या घरी जायचं, गव्हाण बघायची, आधीची जनावरं कशी आहेत ते बघायचं. बरगड्यांवर तळहात फिरवा: किंचित दाबल्यावर बरगडी लागली तर ठीक, न दाबताच मोजता आली तर परत फिरा. मग पाचशेच्या स्टॅम्पवर दोन ओळी लिहून घ्या: पुन्हा विकायची झाली तर आधी मला विचारायचं, आणि मी न्यायला येईन. कोर्टात हा कागद किती टिकेल ते वकील सांगतील, पण सही करताना ज्याचा हात अडखळतो तो माणूस तिथेच कळतो. शक्य असेल तर मायक्रोचिप बसवून घ्या, पंधरा आकडी नंबर कागदावर लिहा. देण्याआधी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी करा. नमुने हिसारच्या घोड्यांच्या राष्ट्रीय संशोधन केंद्रापर्यंत जातात. हा रोग माणसालाही होतो, म्हणून "आमच्याकडे नाही हो तसलं काही" म्हणत टाळू नका. पांजरापोळीत द्यायची असेल तर आधी जाऊन विचारा. शिंगवाल्या गाईंच्या कळपात म्हातारी घोडी चाऱ्यापर्यंत पोचत नाही.

गाडीतून न्यायची तर 1978 चे वाहतूक नियम आहेत: डॉक्टरचं प्रमाणपत्र, गाडीत जास्तीत जास्त चार ते सहा घोडे, दोन घोड्यांच्या मध्ये किमान 8 सेंटिमीटर जाडीचा बांबू, ताशी 35 किलोमीटरच्या आत वेग. घोटी-कसारा उतरताना टेम्पोत उभ्या राहिलेल्या घोड्याचे पाय कसे थरथरतात ते मी पाहिलंय. हे नियम लिहिणाऱ्यानेही पाहिलं असावं.

माझी भाची परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकते. तिने परदेशातली गोष्ट सांगितली. 1911 साली बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरात एडा कोल नावाच्या इंग्रज बाईने बोटीतून उतरणारे ब्रिटनमधले थकलेले, लंगडे घोडे पाहिले. कामातून गेलेले, कत्तलीसाठी विकलेले. तिने आयुष्यभर त्याच्याविरुद्ध रान उठवलं, 1927 मध्ये संस्था काढली, 1937 मध्ये ब्रिटनमध्ये घोड्यांच्या निर्यातीचा कायदा झाला. आणि कत्तलीसाठी जिवंत जनावरं बाहेर पाठवायला तिथे पूर्ण बंदी आली ती थेट 2024 साली. अमेरिकेत उलटंच झालं. 2007 मध्ये तिथले शेवटचे घोड्यांचे कत्तलखाने बंद पडले, तर घोडे ट्रकने मेक्सिको आणि कॅनडाला जाऊ लागले. नको असलेले घोडे होतेच, त्यांचा प्रवास तेवढा वाढला. आपल्याकडे अन्नसुरक्षेच्या नियमांत घोडा खाण्याच्या जनावरांत धरलेलाच नाही. आपली म्हातारी घोडी बोटीत चढत नाही, हातोहात खाली उतरत जाते: वरात, मग टांगा, मग भट्टी, मग रस्ता.

रस्त्यावर सोडणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपये, म्हणजे चहा-भजीही महाग. तरी गोदाकाठी असं जनावर दिसलं तर फोटो काढा, बादलीभर पाणी ठेवा, 1962 या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन लावा. जखमी घोड्याला दोर बांधून ओढू नका.

आता जे कुणी विचारत नाही ते. घोडी उठत नाही, खात नाही, डॉक्टरच म्हणतात आता नाही, तर तिला तिच्याच जागी इंजेक्शन देऊन सोडवणं हे अनोळखी टेम्पोत चढवण्यापेक्षा कितीतरी बरं. पाप-पुण्याचं ज्याचं त्याने बघावं, मी रीत सांगतो. निर्णय मृगाच्या आधी घ्या. पावसात खड्डा पाण्याने भरतो आणि जेसीबी रुततो. जमिनीच्या मालकाची आणि ग्रामपंचायतीची परवानगी आधी. विहिरीपासून लांब, आठ फूट खोल खड्डा आधीच खणून ठेवा आणि घोडी चालू शकत असेल तर त्याच्या जवळ, मऊ जमिनीवर उभी करा, म्हणजे नंतर फरफटत न्यावं लागणार नाही. नाल आदल्या दिवशी काढून घ्या. डॉक्टर आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, मग शेवटचं. त्या औषधाचा अंश मांसात राहतो, म्हणून मढं उघड्यावर टाकू नका. कुत्रीही मरतील आणि हरसूलकडची गिधाडंही. ती आधीच मोजकी उरलीत.

आमची राणी दोन वर्षांपूर्वी जानेवारीत अशीच गेली. तोंडात गुळाचा खडा होता, मी मोहरकी धरून उभा होतो. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून मान हलवली. मग मी दुसरी घोडी सोडून जवळ आणली. हे जरूर करा, नाहीतर मागे राहिलेली घोडी दोन-तीन दिवस खिंकाळत शोधत राहते. तिने राणीचं नाक हुंगलं, मान हुंगली, एकदा फुरफुरली, आणि बांधावरचं गवत खायला गेली.